कामी आला का?

कावळा पत्र्यावर उतरला, पानावरचा वडा चोचीत धरून लिंबाकडे उडाला आणि ताई म्हणाली, "चला, बसा आता पंगतीला. जेवले पित्रं." २१ सप्टेंबर २०२५, रविवार, सर्वपित्री अमावस्या. जनवाडा हे बिदर तालुक्यातलं गाव. इथं घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि मोबाइलवर हिंदी अशी भाषांची वाटणी आहे, आणि कुणाला तिचं ओझं वाटत नाही. खीर, कढी, वडे, गवारीची भाजी असं जड जेवण करून मी ओट्यावर आडवा होणार, तेवढ्यात भाच्यानं गाठलं.

"मामा, तुमी सांगा. रेंगोकू फुकट मेला का न्हाई?"

ताई आत भांडी आवरत होती. तिथूनच ओरडली, "कोण मेलं रे? आपल्या गावातला?"

"न्हाई गं आई. जपानचा."

"मग पित्राच्या दिवशी त्याचं नाव कशाला काढलालास?"

भाचा नववीत आहे. त्याची थोरली बहीण बिदरला पीयूसी करते. नऊ दिवसांपूर्वी, १२ सप्टेंबरला, 'डिमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा भारतात लागला. हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंगसह. दोघांनी तो हैदराबादला आत्तेभावाबरोबर पाहिला होता, आणि तेव्हापासून घरात एकच खटला चालू होता. लढाईच्या ॲनिमेत एखादा वीर दुसऱ्यांसाठी जीव देतो, तेव्हा त्या जिवाचं योग्य मोल कथेनं चुकतं करायला हवं की नको? भाच्याचं म्हणणं, करायलाच हवं. भाचीचं म्हणणं, मग ते बलिदान कसलं, तो तर व्यवहार झाला. न्यायाधीश म्हणून मामा फुकटात मिळाला होता.

दोनशे प्रवासी आणि एक मूठ

आधी मयत कोण ते सांगतो. क्योजुरो रेंगोकू हा राक्षसांशी लढणाऱ्या पथकातला सर्वांत वरच्या श्रेणीचा योद्धा. २०२०च्या 'मुगेन ट्रेन' या सिनेमात तो एका आगगाडीत असतो. गाडीत सुमारे दोनशे प्रवासी असतात. गाडीच राक्षसाच्या ताब्यात जाते. रेंगोकू आणि त्याचे तरुण साथीदार सगळ्या प्रवाशांना वाचवतात. सगळं संपलं असं वाटतं, तेव्हा आकाझा नावाचा कितीतरी बलाढ्य राक्षस येऊन उभा राहतो. तो म्हणतो, तूही राक्षस हो, मरणार नाहीस. रेंगोकू नकार देतो. पहाट होईस्तोवर लढतो. आकाझाची मूठ त्याच्या पोटातून आरपार गेलेली असते, तरी तो त्याचा हात सोडत नाही, कारण ऊन पडलं की राक्षस जळणार. पण आकाझा स्वतःचे हात तोडून रानात पळतो. रेंगोकू मरतो. राक्षस वाचतो.

"बघा," भाचा म्हणाला. "मारणारा पळाला. मग ह्येचा काय उपयोग?"

"दोनशे माणसं जगली की," भाची म्हणाली.

"ती तर आकाझा यायच्या आधीच जगली होती!"

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. गाडीचा राक्षस मेला होता. शेवटच्या लढाईतून हाती काय लागलं, याचा नुसता जमाखर्च मांडला तर खर्चाच्या बाजूला रेंगोकू आणि जमेला एक पळालेला राक्षस. पण कथाकारानं हे न समजता लिहिलेलं नाही. आकाझा पळताना त्या साथीदारांतला कोवळा तांजिरो त्याच्या पाठीमागे रडत ओरडतो की हरलास तू, रेंगोकू हरला नाही, त्यानं एकालाही मरू दिलं नाही. म्हणजे रेंगोकूचा हिशेब मांडायचं काम कथेनं मागे राहिलेल्या पोराकडे दिलं. जपानमध्ये कोरोनाच्या वर्षी या सिनेमानं ४० अब्ज येनांहून जास्त धंदा केला आणि 'स्पिरिटेड अवे'चा १९ वर्षांचा विक्रम मोडला. तिकीट काढून लोक एका हरलेल्या लढाईला रडायला गेले.

पुढे एक छोटी गोष्ट घडते, ती भाच्यानं मला मोबाइलवर थांबवून थांबवून दाखवली. तांजिरो जखमी अवस्थेत रेंगोकूच्या घरी जातो. बाप दारू पिऊन पडलेला. धाकटा भाऊ सेन्जुरो त्याला दादाच्या तलवारीची मुठीखालची चकती देतो, ज्वाळांच्या आकाराची. तांजिरो ती आपल्या तलवारीला बसवून घेतो. 'इन्फिनिटी कॅसल'मध्ये तोच तांजिरो, त्याच चकतीच्या तलवारीनं, आकाझासमोर उभा राहतो.

"तिथं थिएटरात शिट्ट्या पडल्या," भाची म्हणाली.

"म्हणजे वसूल झालं की," भाचा म्हणाला. "मी तेच म्हनतो."

पेरलं तेवढं उगवलं तर

हिशेबी बलिदानाचा सगळ्यात कडक नमुना त्याच सिनेमात आहे. शिनोबू ही अंगानं इतकी बारीक की राक्षसाचं मुंडकं उडवायचं बळ तिच्या हातात नाही. बहिणीला मारणाऱ्या दोमा नावाच्या राक्षसाला तिला संपवायचं असतं. म्हणून वर्षाहून जास्त काळ ती विस्टेरियाच्या फुलांचं विष खात राहते. तिचं वजन ३७ किलो. दोमा तिला गिळतो तेव्हा ३७ किलो विष त्याच्या पोटात जातं, मारायला पुरेल त्याच्या सुमारे ७०० पट. तिनं आपल्या मरणाचं अंदाजपत्रक आधीच तयार केलेलं असतं. मूळ चित्रकथेत ते पुढे तंतोतंत वसूल होतं.

असल्या काट्याच्या मोजमापाचा आद्यग्रंथ म्हणजे हिरोमु अराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट'. त्या जगाचा कायदाच असा की काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात. थोरल्याचा पाय जातो, धाकट्याचं अख्खं शरीर जातं, आणि धाकट्याचा जीव एका लोखंडी चिलखतात बांधून ठेवायला थोरला आपला हातही देतो. आई येतच नाही. अराकावा बाई होक्काइदोतल्या दूधधंद्याच्या शेतावर वाढल्या. म्हणून मी ही गोष्ट ताईला सांगितली. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं कळेल, या हिशेबानं.

ताईनं हात पुसत ऐकून घेतलं. म्हणाली, "तेवढ्यास तेवढं? कुठल्या रानात?"

औंदा बिदर-औराद-भालकीकडे पाऊस ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त झाला. ताईच्या सोयाबीनच्या शेंगा उभ्या झाडावर काळ्या पडल्या. बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं घातलेलं. रानानं काही दिलं नाही. "मी घातलं तेवढं मला मिळायला पाहिजे, हे रानाला कोण सांगणार?" ती म्हणाली. "तरी पुढल्या साली पेरायचंच ना."

अराकावा बाईंनाही हे ठाऊक असावं. कारण इतका कडक कायदा सांगणारी ती कथा शेवटी तो कायदा सोडून देते. दोघे भाऊ ठरवतात की दहा मिळाले तर त्यात आपला एक घालून अकरा परत द्यायचे. जगाचा तराजू समतोल नाही हे पाहून झाल्यावर आपल्याकडून तरी जरा जास्त टाकायचं, एवढंच त्यांच्या हाती उरतं. माझ्या ओट्यावरच्या खटल्यात हा मुद्दा भाचीला फार आवडला. भाच्याला अजिबात नाही.

परत आलेले

भाच्याचा राग मला समजतो, कारण माझ्या पिढीनं 'ड्रॅगन बॉल झी' पाहिलंय. तिथं उलट गंमत. सायबामन आणि नाप्पाच्या लढाईत चिआओत्झू नाप्पाच्या पाठीला चिकटून स्वतःचा स्फोट करतो आणि धूर विरल्यावर नाप्पाला साधं खरचटलेलंही नसतं. व्हेजिटा बुऊवर तोच प्रयोग करतो. बुऊ पुन्हा जुळून उभा राहतो. गोकू सेलला घेऊन दूर जाऊन मरतो आणि सेल परत येतो. मग जादूचे सात गोळे गोळा करायचे, ड्रॅगन बोलवायचा, मेलेले परत आणायचे. दुकानदारानं माल परत घेऊन पैसे हातावर ठेवावेत तसं. 'नारुतो'मध्ये माइट गाय आठवं द्वार उघडतो, त्या विद्येचा नियम असा की आठवं उघडलं की माणूस मरतोच. नारुतो त्याला वाचवतो. पाय मात्र जातो. ही त्यातल्या त्यात प्रामाणिक सवलत. आणि त्याच कथेतल्या युद्धात नेजी नारुतोला आडवा होऊन मरतो, तेव्हा जगभरातले चाहते वर्षानुवर्षं भांडत राहिले की हा मेला कशासाठी.

रेंगोकू, गोकू आणि नारुतोच्या कथा ज्या साप्ताहिकात वाढल्या, त्या 'शोनेन जम्प'चं ब्रीद तीन शब्दांचं आहे. मैत्री, परिश्रम, विजय. त्यात मरणाला जागा नाही. म्हणून मरण आलं की कथाकाराला ते तीनपैकी एकात बसवावं लागतं. परिश्रमात बसलं तर रेंगोकू होतो. विजयात बसवलं की शिनोबू. मैत्रीत बसवायचा प्रयत्न फसला की नेजी.

दुपारी शेजारचे निवृत्त हवालदार चहाला आले. त्यांना मुलांनी हाच प्रश्न टाकला. त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "सिनेमात मेल्यावर गाणं सुरू होतं. आमच्याकडं मेल्यावर फॉर्म सुरू होतात." मग शांतपणे सांगितलं की लढाईत मेलेल्याच्या घराला साधी पेन्शन नसते, शेवटच्या पगाराएवढी वाढीव कौटुंबिक पेन्शन असते. "बाईच्या हातात दर महिन्याला तेवढं पडतं का, एवढंच मी बघतो. बाकीचं तुमचं तुमी ठरवा."

दगडावरची पावती

हवालदारांच्या बोलण्यानं मला आजोळच्या पारावरचा दगड आठवला. या भागात अशी शिळा बहुतेक जुन्या गावांच्या वेशीत, मारुतीच्या मागं, नाहीतर पाण्याच्या आडाजवळ टेकवलेली दिसते. आपण तिला वीरगळ म्हणतो. त्यातला 'गळ' हा कन्नड 'कल्लु', म्हणजे दगड. मराठीनं हा शब्द शेजाऱ्याकडून उसना घेतला आणि परत द्यायचं विसरून गेली.

आजोळच्या त्या दगडावर शेंदूर इतका चढलेला की लहानपणी मला तो एक प्रकारचा मारुतीच वाटायचा. नंतर कधीतरी नीट पाहिला. खालच्या चौकटीत लढाई. घोड्यावरचा एक, पायदळातले दोन, आणि कडेला गाई. म्हणजे हा गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना पडलेला. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला काखेत धरून वर नेताहेत, त्याचे पाय हवेत लोंबताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, बाजूला पुजारी. अगदी टोकाला चंद्र-सूर्य. म्हणजे ते असेतोवर हे टिको.

ही थेट भाच्याच्या बाजूची साक्ष. इथं बलिदान वसूल होतं. एवढंच नव्हे, तीन मजल्यांत, क्रमानं, खालून वर, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. जुन्या शिलालेखांत हा हिशेब शब्दांतही येतो. जिंकलास तर संपत्ती, मेलास तर अप्सरा, मग मरणाला भ्यायचं कशाला. दोन्ही बाजूंनी फायद्याचा सौदा.

पण दगडाचा एक हिशेब याहून जास्त खरा होता. कन्नड शिलालेखांत 'नेत्तर कोडगे' अशी देणगी येते. नेत्तर म्हणजे रक्त. गावासाठी मेलेल्याच्या घराला दिलेली बिनसाऱ्याची जमीन. अप्सरा आहेत की नाहीत हे गावाला माहीत नव्हतं. जमीन आहे हे माहीत होतं. विधवेची पोरं त्या जमिनीवर जगत होती. हवालदार सांगतात ती पेन्शन आणि ही जमीन, मध्ये सात-आठशे वर्षं गेली, विचार तोच. गेलेल्याला काही देता येत नाही. मागे राहिलेल्यांचं पोट आणि गेलेल्याचं नाव, एवढंच आपल्या हातात असतं.

गड गेला, राजा राहिला

मराठी घरात या खटल्याचा मुख्य साक्षीदार अर्थातच पावनखिंड. १२ जुलै १६६० ची रात्र, आषाढी पौर्णिमा. सिद्दी जौहरचा कित्येक महिन्यांचा वेढा तोडून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले. परंपरा सांगते, की शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसला आणि पकडला जाऊन मारला गेला. १३ तारखेला घोडखिंडीत, म्हणजेच पुढच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू, फुलाजी आणि सुमारे तीनशे बांदलांनी पाठलाग अडवून धरला. महाराज विशाळगडावर पोचले.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. भाच्यालाही होतं. पुढचं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराजांनी पन्हाळा तह करून आदिलशाहीला देऊन टाकला. ज्या गडाच्या वेढ्यातून सुटण्यासाठी एवढं रक्त सांडलं, तो गड सव्वादोन महिन्यांत गेला. परत आला १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंदानं साठ माणसं घेऊन तो घेतला तेव्हा.

"मग?" भाचा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

मग काही नाही. बाजीप्रभू गडासाठी मेलेच नव्हते. ते एका माणसाला पुढे जाऊ देण्यासाठी मेले, आणि तो माणूस पुढे गेला. हिशेबाची रक्कम कोणत्या खात्यात टाकायची हे नीट ठरवलं तर बेरीज बरोबर येते. शिवाय महाराजांनी जमा-खर्च लपवला नाही. जेध्यांकडचं मानाचं पहिलं पान त्यानंतर बांदलांकडे गेलं, ही हकिकत जेधे घराण्याच्या कागदांतून येते. राजानं स्वतःच्या दरबारात, सर्वांदेखत, एकाचा मान दुसऱ्याकडे वळवून ऋण कबूल केलं. शिवा काशीदचं नाव मात्र पाठ्यपुस्तकांत यायला फार उशीर लागला. नाभिकाच्या पोराची पावती उशिरा फाडली गेली.

आपल्याकडे म्हणतात, लाख मरोत, लाखांचा पोशिंदा न मरो. खिंडीत उभ्या माणसानं हे म्हटलं की अंगावर काटा येतो. तेच वाक्य मागे सुरक्षित बसलेल्या सेनापतीनं म्हटलं की त्याला वास मारतो. बलिदान न्याय्य आहे का, हे ठरवायला मी ॲनिमे पाहताना आता हीच खूण वापरतो. मरायचं ठरवलं कुणी? मरणाऱ्यानं, की मारायला धाडणाऱ्यानं?

मोती, मोहरा आणि खुर्दा

बखरींच्या मराठीत लढाईत मेला याला एक शब्द आहे. कामी आला. अमुक कामास आले, तमुक कामी आले. शब्द ऐकायला सरळ आहे, पण त्यात केवढी मोठी घाई भरलीय बघा. काम झालं की नाही हे तपासण्याआधीच भाषेनं शिक्का मारून टाकला की हा उपयोगी पडला.

'अटॅक ऑन टायटन'च्या पहिल्याच भागात एक बाई हाच शब्द पणाला लावते. भिंतीबाहेर राक्षसांशी लढायला गेलेलं सैन्य परत येतं. शंभराहून जास्त गेलेले, जेमतेम वीसेक आलेले. ती मुलाला शोधते. तिच्या हातात कापडात गुंडाळलेला त्याचा एक हात ठेवतात. ती सेनापतीला विचारते, माझा मुलगा काही उपयोगी तरी पडला ना? सेनापती 'हो' म्हणायला तोंड उघडतो. आणि कोसळतो. सांगतो, की आम्हाला काहीच मिळालं नाही, माझ्या नालायकीमुळे सैनिक नुसते मेले. कथाकार इसायामा यांच्या साऱ्या कथेत कितीतरी मोठी बलिदानं पुढे येतात. मला मात्र त्या बाईची नजर विसरता येत नाही. आपल्या भाषेत ती एवढंच विचारत होती, की कामी आला का? आणि सेनापती खोटी पावती फाडायला तयार नव्हता.

आपल्याकडेही एक हिशेब असाच प्रामाणिक आहे. सदाशिवरावभाऊंनी फेब्रुवारी १७६० मध्ये इथून जवळच्या उदगीरला निजामाला हरवलं. मोठा मुलूख मिळाला. तिथून वर्ष भरायच्या आत, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत. नानासाहेब पेशव्यांना वाटेत जे सावकारी पत्र मिळालं, त्यात दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि अगणित रुपये-खुर्दा गेल्याचा मजकूर होता. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे बाकीचे. सांकेतिक भाषा म्हणून ते लिहिलं, पण त्यातून खरंच बोललं गेलं. शिपाई सुट्ट्या नाण्यांसारखे मोजले जातात, किंवा मोजलेच जात नाहीत.

लढाईच्या ॲनिमेचा खरा अन्याय मला इथं दिसतो. रेंगोकूच्या मरणाला वीस मिनिटं, संगीत, आईची आठवण, उगवता सूर्य. त्याच पथकातले काळ्या गणवेशातले बिननावाचे शिपाई चौकटीच्या कडेला पटापट पडतात. भाच्यानं ज्या न्यायासाठी खटला लढवला, तो न्याय मोत्यांना मिळतो. खुर्द्याचं काय?

आधीच फाडलेली पावती

जपानला हा प्रश्न पडलाच नाही असं नाही. उलट सगळ्यात वाईट रीतीनं पडला. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारनं संपूर्ण तुकडी मेली की त्याला 'ग्योकुसाई' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे रत्न फुटून जाणं. शिगेरू मिझुकी न्यू ब्रिटन बेटावर साधे शिपाई होते. तिथंच त्यांचा डावा हात गेला. १९७३ मध्ये त्यांनी त्या अनुभवावर चित्रकथा काढली. त्यात एक तुकडी शेवटच्या हल्ल्यासाठी पाठवली जाते. वरच्या कार्यालयानं ती वीरमरणाला गेली असं आधीच कळवून टाकलेलं असतं. काही जण जिवंत परत येतात. आता काय करायचं? त्यांना पुन्हा मरायला पाठवलं जातं. पावती आधी फाडली होती, म्हणून माणसं तिच्याप्रमाणे भरून घेतली.

१९७८ मध्ये तिथं 'यामातो' या अंतराळजहाजाचा सिनेमा आला. शेवटी नायक जहाजासकट शत्रूवर आदळायला जातो. ते नाव खऱ्या यामातो या युद्धनौकेचं. ती ओकिनावाकडे परतीची आशा न ठेवता निघाली होती आणि ७ एप्रिल १९४५ ला सुमारे तीन हजार माणसांसह बुडाली. सिनेमा प्रचंड चालला. आणि वर्ष भरायच्या आत दूरचित्रवाणीवर तीच कथा पुन्हा सांगताना शेवट बदलला. नायक जगला. वर्षभरात एकाच देशाला एकाच मरणाचे दोन शेवट लागले. एक रडण्यासाठी, एक झोप यावी म्हणून.

बिदरची दोन खाती

संध्याकाळी मुलांना मी बिदरच्याच दोन गोष्टी सांगितल्या. पहिली किल्ल्यातली. १६५७ मध्ये औरंगजेबानं बिदरला वेढा घातला. आदिलशाहीचा किल्लेदार सिद्दी मरजान, म्हातारा झालेला, किल्ला चार आठवडे लढवत राहिला. मग दारूगोळ्यावर ठिणगी पडली, मोठा भडका उडाला, त्यात तो भाजून मेला. किल्ला पडला. त्याचा ना पोवाडा आहे, ना नाटक. शाळेच्या सहली त्याच्या बुरुजांवर सेल्फी काढतात. मुलांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. हरलेल्या बाजूनं, हरलेल्या राज्यासाठी, अपघातानं मेलेला माणूस. वसूल काही नाही.

दुसरी गोष्ट मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार उपाशी लोकांना लुटवलं. बादशहानं पकडून आणायला माणसं धाडली. इकडे विठ्ठल विठू महार होऊन बेदरच्या दरबारात थैली घेऊन गेला, सगळी रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती दामाजींना आपल्या गीतेच्या पोथीत सापडली. ती वाचून त्यांना कळलं की आपल्यासाठी देवाला महाराचं रूप घ्यावं लागलं. त्यांनी चाकरी सोडली.

"बघा!" भाचा उसळला. "वसूल!"

"पण दामाजी खूश झाला का?" भाचीनं विचारलं.

भाचा गप्प झाला. त्या कथेत कर्ज फिटलं, पण पावती हातात आल्यावर दामाजीचं ओझं वाढलं. आपल्या वाट्याचं कुणी दुसऱ्यानं भरलं हे कळल्यावर पहिल्यासारखं जगता येत नाही. तांजिरोला ती चकती मिळते तेव्हा त्याच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. त्याच्यासाठी ते बक्षीस नसतं. त्याला आता त्या चकतीच्या तोलानं जगावं लागणार असतं.

माझा निकाल मी त्या ओट्यावर दिला तो असा. मेलेल्याला मोबदला मिळायला हवा, असं मी म्हणत नाही. मोबदला देणारं जग आपल्या ताईच्या रानातसुद्धा नाही. पण पावती हवी. कुणी दिलं, काय दिलं, त्यातून काय आलं आणि काय आलं नाही, हे खोटं न लिहिता. ज्या कथेत मेलेला तिसऱ्या भागात हसत परत येतो, तिनं पावती फाडली आणि लगेच फेकली. ज्या कथेत माणूस फक्त खलनायक किती भयंकर आहे हे दाखवायला मारला जातो, तिनं पावती फाडलीच नाही. रेंगोकूला मिळाली. नेजीला बहुधा नाही.

"आणि आपल्याकडं?" भाचीनं विचारलं. चारच दिवसांपूर्वी, १७ सप्टेंबरला, तिच्या कॉलेजात कल्याण कर्नाटक उत्सवाचं झेंडावंदन झालं होतं. त्याच दिवशी उदगीरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झालं. १९४८ च्या त्याच मुक्तीचा एकच दिवस, १९५६ च्या वाटणीनंतर दोन नावांनी. जुन्या बिदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले. भालकी, हुमनाबाद, औराद इकडे राहिले. उदगीरचे आर्यसमाजी वकील भाई श्यामलाल १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात वारले, त्यांच्या नावाची शाळा उदगीरला आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत माणसं गोळ्यांना सामोरी गेली, मुंबई मिळाली. सीमाभागाचं खातं महाजन अहवालानंतर, १९६७ पासून, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात, उघडंच आहे. माझी भाची कन्नडमध्ये पहिली येते. तिला त्या खात्यातलं काय हवं हे ती ठरवेल.

दिवा लावायची वेळ झाली. ताई अंगणातली पत्रावळ उचलत होती. दुपारी पंगतीआधी तिनं पानावर घास ठेवताना आजे-पणज्यांची नावं घेतली होती, आणि शेवटी एक घास वेगळा ठेवला होता. तो आमच्या चुलत आजोबांचा. १९४८ च्या उन्हाळ्यात घरातून निघाले. सरहद्दीपलीकडच्या मुक्तिसंग्रामाच्या शिबिरात जातो म्हणाले. परत आले नाहीत. कुठं गेले, कशानं गेले, लढले की वाटेतच आजारी पडले, कुणाला माहीत नाही. तिथी माहीत नाही, म्हणून त्यांचं पित्र अमावस्येला.

भाच्यानं हे पहिल्यांदाच ऐकलं. तो ताईच्या मागं मागं अंगणात गेला.

"आई, ते कामी आले का?"

"काय की," ताई म्हणाली. पत्रावळ तिनं उकिरड्यावर न टाकता लिंबाच्या बुडाशी ठेवली. "घास मात्र दरसाल ठेवतो आपण."